सात गाठींची पिशवी

काटानदुआनेस बेट
मंगळवार, २ डिसेंबर
सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं

प्रिय मानोय पासिंग,

हे लिहायला बसण्याआधी मी पिशवीतलं सगळं सामान घराच्या जोत्यावर उन्हात मांडून ठेवलं. घराचं जोतंच उरलंय, म्हणून जोत्यावर. दोरी, पक्कड, छोटी करवत, कपडे वाळत घालायचे चिमटे, सुईदोरा, शिट्टी, पातेलं, दोन चमचे. एकेक वस्तू फडक्याने पुसली, गंज धरलाय का पाहिलं. सतरातल्या चौदा आहेत. वही वाळली, पण तिची पानं पापडासारखी वाकडी झाली आहेत, तेव्हा अक्षर ओळीखाली घसरलं तर सांभाळून घे.

महत्त्वाचं आधी लिहितो. तुला बापाची काळजी असेल, तर ताताय सुखरूप आहेत. डाव्या हाताला जखम आहे, ती सुकत आली आहे. मी सुखरूप आहे. गावातलं एकही माणूस गेलेलं नाही. म्हैससुद्धा जिवंत आहे. फोनचा टॉवर आडवा झालाय, पण तो उभा असता तरी तुझा नंबर माझ्याकडे नव्हता, आणि तो मी कधी मागितलाही नाही. सात वर्षांत तू मनिलाहून पाच पत्रं पाठवलीस. पाचही मी उघडली, वाचली, घडी होती तशी पुन्हा घातली आणि एकाचंही उत्तर दिलं नाही. धाकट्या भावाने आपल्या मानोयशी, थोरल्या भावाशी, असं वागू नये. का वागलो ते लिहिणार आहे, पण एकदम तिथे उडी मारली तर माझ्याकडून नीट लिहिलं जाणार नाही. तुला ठाऊक आहे, मला पायरी पायरीनेच जावं लागतं.

पिशवीपासून सुरुवात करतो. दोन वर्षांपूर्वी गावाचा कारभार बघणारा कॅप्टन उबाल्दो याने वादळाच्या तयारीचं शिबिर भरवलं. पहिल्या दिवशी पाव आणि कॉफी फुकट होती, तर सत्तावीस माणसं आली. तिसऱ्या दिवशी कॉफी संपली आणि मी आणि म्हातारा मच्छीमार सेवेरो एवढेच उरलो. तिथे एक यादी मिळाली. घर सोडून पळायची वेळ आली तर तीन दिवस पुरेल असं सामान एका पिशवीत कायम भरून ठेवायचं. त्यात महागाचं काहीच नव्हतं, रोज घरात हाताला लागतं तेच सगळं. मी नववीत शाळा सोडली, पण यादी पाळायला नववीसुद्धा लागत नाही. संध्याकाळपर्यंत मी घरातली सुरी, काडेपेटी, पक्कड, करवत, लहान पातेलं, सगळं पिशवीत घातलं. काडेपेटीतल्या काड्या औषधाच्या बाटलीत भरून बुचाला मेण लावलं. सुईला मासे धरायचा दोरा गुंडाळला. दुसऱ्या दिवशी ताताय स्वयंपाकाला उभे राहिले तर कांदा चिरायला सुरी नाही, चूल पेटवायला काडी नाही. ते म्हणाले, "अन्सेल्मो, आज भात हवा असेल तर काय करायचं? वादळाची वाट बघायची?"

मग दुसरी सुरी आणली, दुसरी पक्कड आणली. तेवढ्यात शेजारच्यांना कळलं की अन्सेल्मोकडे सगळं एका जागी सापडतं. मानाय बेनिंगला नळ आवळायला पक्कड हवी, तिच्या जावयाला करवत हवी, कोणाला मेणबत्ती. तुला आपलं गाव माहीत आहे. दारात उभ्या माणसाला नाही म्हणता येत नाही, मला तर नाहीच नाही. म्हणून मी पिशवी प्लास्टिकमध्ये गुंडाळली, वरून चिकटपट्टी फिरवली आणि अबाकाच्या वाखाच्या दोरीने बांधून टाकली. कोणी मागायला आलं की म्हणायचं, "देतो ना, जरा गाठी सोडतो." तिसऱ्या गाठीपर्यंत माणूस कंटाळून निघून जायचा. चिकट माणसांसाठी गाठी वाढवत गेलो, शेवटी सात झाल्या. पिशवी माझ्या उशाशी असायची, त्यावरून गाव तिला अन्सेल्मोची बायको म्हणायला लागलं. मानाय बेनिंग रस्त्यात भेटली की विचारायची, "आज एकटाच? भांडलात काय दोघं?" आणि तिचा जावई म्हणायचा, "भांडणार कशी, तोंड बांधून ठेवलंय बिचारीचं."

मी हसायचो. पण यादीत पहिल्या क्रमांकावर पाणी होतं, आणि मी पिशवीत सगळ्यात आधी डबा फोडायची चावी घातली. एक नाही, तीन. एक मधल्या कप्प्यात, एक बाजूच्या, एक पातेल्यात. ते का, हे गावात कोणी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

आता शुक्रवारचं लिहितो. गुरुवारी दुपारी रेडिओवर वादळ येतंय म्हणून सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे शाळेत जमलो, दोनशे चौदा माणसं. कॅप्टनने दारात उभं राहून प्रत्येकाचा कोयता काढून घेतला. मागच्या वर्षी शाळेतच दोन व्याह्यांचं जागेवरून जुंपलं होतं, तेव्हापासून त्याने नियमच केलाय. तातायचा कोयता गेला, त्यांना कमरेत नागडं वाटायला लागलं, असं तेच म्हणाले. पहाटेपासून वारा सुरू झाला. मी खिडकीच्या गजाला वाखाची एक बट बांधली आणि वहीत वेळ आणि दिशा लिहायला लागलो. हे मला सेवेरोने शिबिरात शिकवलं होतं. तो म्हणाला होता, वादळाचा खरा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, माथ्यावरून जायचा असेल तर वारा एकाच बाजूने मारत राहतो आणि मग दार लावल्यासारखा थांबतो. पण वारा हळूहळू कूस बदलत असेल तर डोळा बाजूने चाललाय. मग मधे कितीही शांत वाटलं तरी ती शांतता डोळ्याची नव्हे.

माझ्या वहीत असं आहे. पाच चाळीस, उत्तर. सहा पंचवीस, उत्तर-वायव्य. सात दहा, वायव्य. सात पन्नास, जवळजवळ पश्चिम. आणि सात पंचावन्नला वारा पडला. पाऊस थांबला, ढग पांढरे झाले, मुलं खिडकीशी धावली. कोणीतरी म्हणालं, "डोळा आला." मानोय, तुला आठवतं, आपल्याकडे हे शब्द ऐकले की माणसं कशी उठतात. चाळीस मिनिटं आहेत म्हणून कोणी छपराची दुसऱ्या बाजूची दोरी आवळायला धावतं, कोणी डुक्कर आणायला, कोणी भात टाकायला. परक्या गावचा माणूस घाबरून बसून राहील. आपण वादळं बघितलेली माणसं, आपण बाहेर पडतो.

ताताय उठले. त्यांनी म्हैस टेकडीखाली वाख काढायच्या शेडला बांधून ठेवली होती, सोडायची राहिली होती, आणि ते त्यांना रात्रभर टोचत होतं. मी वही घेऊन आडवा गेलो. म्हटलं, "ताताय, हा डोळा नाही. वारा वळत गेलाय. टेकडी आड आली म्हणून आपल्याला लागत नाहीये. आणखी थोडा वळला की खिंडीतून येईल." त्यांनी वहीकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "मी अकरा डोळे पाहिलेत. तू एक कागद पाहिलायस." आजूबाजूचे हसले. ताताय निघाले. मी कॅप्टनला ओरडून सांगितलं की बाकी कोणाला सोडू नका, आणि त्याने ऐकलं, हे त्याचे उपकार. मी नळाशेजारी ठेवलेली पिशवी उचलली आणि तातायच्या मागे पळालो. पिशवी का घेतली, मला माहीत नाही. मी तिच्याशिवाय कुठे जातच नाही.

शेडपाशी पोचलो तेव्हा आठ वाजून सात मिनिटं झाली होती. म्हशीच्या दाव्याची गाठ भिजून फुगली होती, दगडासारखी. ताताय नखांनी ओढत होते. कोयता नाही. ते म्हणाले, "तुझ्या बायकोकडे सुरी आहे ना? काढ." आणि तेव्हा मला समजलं की मी काय करून ठेवलंय. सुरी पिशवीत होती. पिशवी प्लास्टिकमध्ये होती. प्लास्टिकवर पट्टी होती आणि पट्टीवर सात गाठी होत्या, त्याही भिजून फुगल्या होत्या. दोरी कापायला सुरी हवी आणि सुरी दोरीच्या आत. एका बाजूला ताताय म्हशीच्या गाठीशी, दुसऱ्या बाजूला मी माझ्या, दोघंही वाकलेले. तातायनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि ते हसायला लागले. मानोय, मी त्यांना सात वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं. "शाबास," ते म्हणाले, "चोरापासून वाचवलीस, शेजाऱ्यांपासून वाचवलीस, आता स्वतःपासून पण वाचव."

शेवटी गळ्यातल्या घराच्या किल्लीने मी प्लास्टिक टोचलं, भोक मोठं केलं आणि हात घालून चाचपत सुरी बाहेर काढली. सहा मिनिटं गेली. ताताय म्हशीचं दावं कापत असतानाच माझ्या मानेवर वारा लागला. मी तोंड फिरवून पाहिलं. नैर्ऋत्येकडून, खिंडीतून. आधी नुसता आवाज आला, डोंगरावरून दगड भरलेला ट्रक उतरतोय तसा. ताताय थांबले. त्यांनी खिंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या नजरेबद्दल पुढे लिहितो.

दावं तुटलं आणि म्हैस पळाली, पण आम्हाला शाळेपर्यंत जाणं शक्य नव्हतं. दफनभूमी मधे होती. आम्ही दोरी कमरेला बांधून घेतली, एक टोक त्यांच्या, एक माझ्या, आणि रांगत म्हणावं तसे तिथे पोचलो. वाटेत कोणाच्या तरी छपराचा पत्रा आला आणि तातायचा हात चिरून गेला. तिथल्या कबरी म्हणजे एकावर एक रचलेले सिमेंटचे कप्पे, त्यात खालच्या रांगेत एक रिकामा आहे, म्हाताऱ्या लोला उर्सिंगचा. ती एक्याण्णव वर्षांची आहे, अजून धडधाकट आहे, पण तिने तो हप्त्याहप्त्याने विकत घेतलाय आणि दरवर्षी पितरांच्या दिवशी जाऊन झाडून ठेवते. आम्ही पाय आत घालून सरपटत शिरलो, पिशवी तोंडाशी लावली आणि प्लास्टिकची ताडपत्री ओढून घेतली. दोन माणसं कुशीवर झोपली तर मावतात. तिसरं मावत नाही.

तिथे आम्ही दोन तास पन्नास मिनिटं होतो. बाहेर काय चाललंय ते दिसत नव्हतं, ते बरं होतं. मी तातायचा हात बाटलीतल्या पाण्याने धुतला, कापड दाबलं आणि चिकटपट्टीने बांधला. मेणबत्ती लावली, ती दोनदा विझली, तिसऱ्यांदा राहिली. हातांना काम हवं होतं, तर मी सार्डिनचा डबा काढला आणि चावी लावून उघडला. ताताय त्या चावीकडे बघत राहिले. एक मासा त्यांनी खाल्ला, दुसरा खाल्ला आणि मग चमचा खाली ठेवला. म्हणाले, "तीन का ठेवल्यास?" मी म्हटलं, "एक हरवली तर." ते म्हणाले, "आणि दुसरी हरवली तर."

सात वर्षांपूर्वीच्या त्या वादळाच्या दिवसाबद्दल आपण तिघं कधीच बोललो नाही, म्हणून मला जे आठवतं ते लिहितो, चुकलं तर तू सांग. मी पंधराचा होतो. शाळेत मदतीचे डबे वाटले होते, प्रत्येक कुटुंबाला चार. आणि साऱ्या शाळेत डबा फोडायला काही नव्हतं. माणसं दगडावर आपटत होती, मुलं रडत होती. वारा पडला. नानाय म्हणाली, घरी खिळ्याला चावी आहे, पाच मिनिटांत आणते. तू खिडकीतून बाहेर बघितलंस आणि मोठ्याने म्हणालास, "डोळा आलाय, चाळीस मिनिटं आहेत, जा." ती गेली. आपली आई परत आलीच नाही, पुढचं तुला माहीत आहे. नंतर सगळं गाव एवढंच म्हणत राहिलं की पासिंगने डोळा म्हणून सांगितलं आणि तो डोळा नव्हता. मानाय बेनिंग सगळ्यात मोठ्याने म्हणायची. मी पण म्हणत होतो, मानोय. तोंडाने कधी नाही, पण म्हणत होतो. नवव्या दिवसाची प्रार्थना झाली आणि तू बोटीवर चढलास. तुझी पत्रं आली की मला वाटायचं, याला लिहायचं काय. तू चुकलास असं लिहिता येत नव्हतं आणि नाही चुकलास असंही लिहिता येत नव्हतं. म्हणून काहीच लिहिलं नाही.

कप्प्यात मेणबत्ती अर्धी झाली तेव्हा ताताय म्हणाले, "वाच तुझी वही." मी वाचली. पाच चाळीस, सहा पंचवीस, सात दहा, सात पन्नास. त्यांनी ते परत वाचायला लावलं. मग भिंतीकडे तोंड केलं आणि बोलायला लागले. एवढ्या हळू की मला कान त्यांच्या पाठीला लावावा लागला. "त्या दिवशी पण असाच वळला होता," ते म्हणाले. "उत्तर, मग वायव्य, मग शांत. टेकडीच मधे येते. आज शेडपाशी तुझ्याकडे बघितलं ना, तेव्हा समजलं. सात वर्षं उशिरा." मग ते म्हणाले, "पासिंगने मला विचारलं होतं. शब्दात नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मी मान हलवली. बोलला तो, पण ठरवलं मी. एकोणीस वर्षांचा पोरगा, तो कुठला डोळे ओळखतोय. मी हो म्हटलं म्हणून तो बोलला."

मी विचारलं, मग गाव बोलत होतं तेव्हा तुम्ही गप्प का राहिलात? ते म्हणाले, "पहिल्या दिवशी तोंडच उघडेना. दुसऱ्या दिवशी जास्त जड गेलं. मग रोज आणखी जड. मला वाटलं, निघताना तरी हा म्हणेल, ताताय, मान तुम्ही हलवली होती. मी तयार होतो. धक्क्यापर्यंत त्याच्या मागे मागे चालत गेलो. त्याने बोट लागेपर्यंत माझ्याशी तांदळाच्या भावाबद्दल गप्पा मारल्या. आणि येतो म्हणाला."

हे तू मला कधीच सांगितलं नाहीस. पाच पत्रांत नाही. पाचव्या पत्रात तू बांधकामावरच्या मुकादमाच्या मांजरीबद्दल पान भरून लिहिलंस, आणि हे लिहिलं नाहीस. मला वाटलं होतं, असं काही ऐकलं तर मला तातायचा राग येईल. मी वाट बघितली, तो आला नाही. आमच्या दोघांत दोरी अजून बांधलेली होती. त्यांचा श्वास ओढला गेला की मला कमरेत कळायचं. मी त्यांच्या हातावरची पट्टी सुटली नव्हती तरी सोडून पुन्हा नीट बांधली. मला झोप आली, मानोय. बाहेर ते सगळं चालू असताना, कबरीत, बापाच्या पाठीला टेकून मला गाढ झोप लागली. मी, जो पातेल्याचं झाकण वाजलं तरी उठतो.

अकरा वाजून पाच मिनिटांनी वारा खरोखर पडला. आम्ही बाहेर आलो तेव्हा कॅप्टन दोन माणसांना घेऊन आम्हाला शोधत येत होता. दोनशे बारा जण त्याने तीनदा मोजले होते. आम्हाला बघून तो तातायना एवढ्या शिव्या घालायला लागला की त्याच्या डोळ्यांतून पाणी येतंय हे त्याच्याच लक्षात नव्हतं. शाळेच्या एका बाजूचं छप्पर गेलं, पण सगळे दुसऱ्या बाजूला होते. आपलं घर गेलं, अबाकाची निम्मी झाडं मोडली. म्हैस मात्र मानाय बेनिंगच्या रताळ्यांच्या वाफ्यात उभी होती आणि वादळाचं आपल्याला काही कळलंच नाही अशा चेहऱ्याने वाफा संपवत होती. मानाय बेनिंग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बघा, गावात एकटीच शहाणी निघाली." लोला उर्सिंगला मात्र राग आलाय. शनिवारी ती काठी टेकत दफनभूमीत गेली, कप्प्यात डोकं घालून हुंगलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "माझ्या घरात माशाचा वास येतोय. आता असल्या जागी मी मरायची नाही." मी दोनदा साबणाने धुतलं. ती म्हणते, अजून येतो.

आता हे पत्र का लिहितोय ते लिहितो. परवा रविवारी प्रार्थनामंदिरात, छप्पर नाही, बाकं ओली, सगळे उभेच होते, प्रार्थना संपल्यावर ताताय पुढे गेले. त्यांनी टोपी काढली आणि सांगितलं की सात वर्षांपूर्वी डोळा आहे असं आपण ठरवलं होतं, पासिंगने नाही, आणि पासिंगला हे ठाऊक असून त्याने बापाचं नाव घेतलं नाही. एवढंच बोलले आणि तिथेच उभे राहिले, कारण खाली कसं यायचं ते त्यांना समजेना. मग मानाय बेनिंग गर्दीतून पुढे गेली, त्यांचा बरा हात धरून त्यांना खाली आणलं आणि मला म्हणाली, "तू शुद्ध लिहितोस ना? मग लिही त्याला. माझ्या नावाने पण लिही, मी बोलले त्याचं." तर लिहितोय. कॅप्टन दुपारी बारा वाजता छपराचे पत्रे आणि खिळे आणायला विराक शहरात जाणार आहे, तो हे पाकीट बोटीवर देईल. ताताय समोर बसून खिळे सरळ करताहेत आणि दर पाच मिनिटांनी विचारताहेत, "झालं का? काय लिहिलंस?" मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, एवढं कशाला, ये म्हण. मानोय, ये. घर परत उभं करायचंय, आणि त्यांना तुझ्या तोंडावर बोलायचंय. मला पण बोलायचंय, पण मी तुला धक्क्यावरच गाठीन आणि बहुतेक तांदळाच्या भावाबद्दलच बोलेन. तू समजून घे.

तुझाच,
अन्सेल्मो

ता. क. हिशेब लिहिल्याशिवाय पाकीट बंद करवत नाही. पिशवी पुन्हा भरायला: मेणबत्त्या ४०, सार्डिनचे दोन डबे ५६, चिकटपट्टी ३५, एकूण १३१ पेसो. पाकिटात तुझ्या बस आणि बोटीसाठी १५००, ते तातायच्या वाखाचे, माझे नाहीत. देणं: मानाय बेनिंगला रताळ्यांचे ३००. ती म्हणते, पासिंगने स्वतः दारात येऊन विचारलं तर एक पेसोही घेणार नाही.